काकूंचा उजवा डोळा

मी डोळे करते. नाक, कान, बोटं हेही करते, पण ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या आमच्या इमारतीच्या चौकीदारापासून खालच्या बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे मला ‘आँखवाली मैडम’ म्हणतात आणि मला ते आवडतं. लग्नकार्यात कोणी विचारतं, तुम्ही डॉक्टर का? मी नाही म्हणते. मग इंजिनीअर असाल? तेही नाही. मी चित्रकार आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो आपल्या मुलांच्या नोकऱ्यांबद्दल सांगायला लागतो. मी त्याला थांबवत नाही. ज्याला माझी गरज पडते तो बरोबर तीन जिने चढून येतो, कारण आमची लिफ्ट वर्षातले निम्मे दिवस बंदच असते.

काम असं, की अपघातात किंवा आजारात चेहऱ्याचा जो भाग गेला तो सिलिकॉनचा करून द्यायचा. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात. चेहऱ्याचं माप स्कॅनर घेतो आणि साचा प्रिंटर छापतो. ते खातं आमच्या इंजिनीअरचं. ती माझ्या निम्म्या वयाची आहे, धंद्यात निम्मी भागीदार आहे आणि बोलण्यात पाऊण. त्यानंतर जे उरतं ते माझं. कातडीचा रंग, त्या रंगाखालचा रंग, बुबुळ, पापणीचे केस एकेक करून सुईने रोवणं, डोळ्याच्या पांढऱ्या भागातल्या लाल शिरा. शिरांसाठी मी नया बाजारातून भरतकामाचं रेशीम आणते आणि त्याचा एकेक तंतू सुटा करून वापरते. दुकानदाराला वाटतं मी रुमाल भरते. मी त्याचा गैरसमज दूर केलेला नाही, नाहीतर पुढच्या खेपेला तो रेशीम मोजायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत बसेल.

हात मला आईकडून मिळाला. भाद्रपदाच्या आधी महिनाभर शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमधून महालक्ष्म्यांचे मुखवटे आमच्याकडे रंगवायला यायचे. वर्षभर पेटीत राहून कोणाच्या नाकाचा रंग उडालेला असायचा, कोणाच्या ओठांचा. आई डोळे अगदी शेवटी काढायची, सकाळच्या उजेडात, चहासुद्धा न पिता. दोन्ही डोळे वाळले की ती एक दोरा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरायची. एक डोळा केसभर जरी खाली असला तरी पुसायचा आणि नव्याने काढायचा. देवीचे डोळे लहानमोठे चालत नाहीत, असं तिचं म्हणणं. त्या दोऱ्याचं दुसरं टोक मी दहाव्या वर्षापासून धरत आले.

पुढे मी चित्रकलेची पदवी घेतली आणि नोकरी मिळेना म्हणून दातांच्या एका प्रयोगशाळेत प्लास्टर कालवायला लागले. तिथे एकदा दुसऱ्या गावाहून एक कृत्रिम डोळा दुरुस्तीला आला. तो पाहून मला इतका राग आला की काय सांगू. बटणाला बुबुळ काढावं तसं काम होतं. मी परवानगी न घेता तो खरवडला आणि रात्रीत नवा रंगवून दिला. मालक आधी ओरडले आणि मग दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणखी दोन आणून दिले. तेव्हापासून हेच चाललं आहे. मला माझ्या हाताचा गर्व आहे. या गोष्टीत तो गर्व जरा खरचटला, ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले.

काकू आमच्याकडे आल्या तेव्हा उन्हाळा होता. खरं तर त्या माझ्या कोणी नव्हेत, पण ग्वाल्हेरात साठीच्या पुढच्या मराठी बाईला काकू म्हणायचं एवढं नातं पुरतं. खासगी बाजार नावाच्या जुन्या वस्तीत राहायच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. कोरोनातून उठल्यावर बुरशीचा जो आजार आला, त्यात त्यांचा उजवा डोळा गेला. नुसता आतला गोळा नाही, पापण्या आणि भुवईसकट सगळा डोळा काढावा लागला होता. नाकाच्या आतलंही खरवडलेलं, त्यामुळे आवाजसुद्धा बदलून गेंगाणा झाला होता. तीन जिने चढून आल्या, कोणाचा हात धरला नाही, खुर्चीत बसल्या आणि पट्टी आपल्याच हाताने सोडली.

“बघ आणि सांग, होतं का.”

मी पाहिलं. डॉक्टरांनी काम उत्तम केलं होतं, हाडात दोन बारीक स्क्रूही बसवून ठेवले होते, म्हणजे लोहचुंबकाने डोळा बसवता येईल. आमच्या मे महिन्यात गोंद टिकत नाही, घामाने सुटतो. मी म्हटलं, होतं, आणि असं होतं की समोरच्याला कळणार नाही. असं मी पहिल्या भेटीत कोणाला सांगत नसते. त्या दिवशी सांगितलं.

मग त्यांनी आपलं खरं कारण सांगितलं. मला वाटलं होतं लोक बघतात म्हणून डोळा हवा असेल. लोकांची त्यांना काडीची पर्वा नव्हती. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. काही वर्षांपासून त्यांना विस्मरणाचा आजार होता. शेजारी विसरले, गेलेला भाऊ जिवंत आहे असं समजून त्याला पत्रं लिहायला बसायचे, पण काकूंना कधी विसरले नव्हते. मग काकू दोन महिने इस्पितळात राहिल्या. घरी परतल्या त्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी आणि वेगळाच आवाज घेऊन. काकांनी दोन्ही हात जोडून त्यांना नमस्ते केलं आणि हिंदीत विचारलं, आपण कोणाकडे आला आहात.

हे कळायला ग्वाल्हेरचं मराठी घर माहीत असावं लागतं. आमच्याकडे माणूस दाराबाहेर हिंदी बोलतो आणि दाराच्या आत मराठी. भाजीवाला, डॉक्टर, पोस्टमन, शेजारची मंडळी, सगळ्यांशी हिंदी. मराठी फक्त आपल्या माणसांशी. हल्लीची मुलं घरातही एका वाक्यात दोन्ही भाषा कालवतात ते सोडा, पण काकांच्या पिढीत हे पक्कं होतं. त्यांच्या डोक्यातून किती काय गळून गेलं, तरी कोणाशी कुठली भाषा बोलायची हे गेलं नव्हतं. आणि आता ते आपल्या बायकोशी शुद्ध, अदबशीर हिंदी बोलत होते. त्यांना ‘आप’ म्हणत होते.

त्यातही वाईट जेवणाचं होतं. काकू ताट वाढून समोर ठेवायच्या आणि काका सभ्यपणे सांगायचे की पत्नी बाहेर गेली आहे, ती आली की बरोबर जेवू. सकाळपासून गॅलरीतल्या खुर्चीत बसून गल्लीकडे बघत राहायचे. दुपार टळायची. अगदीच सहन होईनासं झालं की चार घास खायचे, तेही अपराध्यासारखे. वजन उतरत चाललं होतं. मुलगी दुसऱ्या शहरात, तिने अशा माणसांसाठी असलेल्या एका संस्थेत चौकशी करून ठेवली होती. पावसाळ्यापर्यंत बघू, असं मायलेकींमध्ये ठरलं होतं.

काकूंनी हे सगळं नकाशा समजावून द्यावा इतक्या शांतपणे सांगितलं. मी मात्र बुबुळांच्या रंगांच्या डब्या उगाच उघडत आणि लावत बसले.

काम सुरू झालं. अशा कामात हल्ली मोठी सोय आहे. चांगल्या बाजूचा स्कॅन घ्यायचा, संगणकात तो उलटा करायचा, आरशात दिसतो तसा, आणि गेलेल्या बाजूवर ठेवायचा. पूर्वी मला मेणात जे करायला आठवडा लागायचा ते आमची इंजिनीअर चहा निवेपर्यंत करते. शिवाय आम्ही आधीचा एक फोटो मागतोच. काकूंनी निवृत्तीच्या समारंभातला दिला, हार घातलेला.

फोटो पडद्यावर मोठा करून इंजिनीअर थांबली. म्हणाली, “ताई, ह्या फोटोत राइट आय झुकी हुई आहे. भौंह पण मधून कटी आहे. मिरर करू नका न, मी फोटोप्रमाणे खाली घेते, दोन मिलिमीटर.”

मीही पाहिलं होतं ते. उजवी पापणी अर्धवट मिटल्यासारखी खाली आलेली आणि भुवईच्या मध्ये जुन्या जखमेची रिकामी खाच. मी तिला म्हटलं, फोटो वाईट आहे, उजेड तिरका आहे, आणि समजा पापणी असलीच तशी, तर मुद्दाम करून कोणी कोणाला पडका डोळा देतं का? ती म्हणाली, विचारून तर बघू. मी म्हटलं, चित्रकार तू आहेस का मी. असं बोलल्यावर ती गप्प बसते आणि मला जिंकल्यासारखं वाटतं. काकूंना आम्ही विचारलं नाही. मला विचारायची गरजच वाटली नाही. समोर चेहरा आहे, त्याला दोन डोळे हवेत, ते सारखे हवेत, यात विचारण्यासारखं काय आहे?

तो डोळा मी जीव ओतून केला. बुबुळ मधाच्या रंगाचं, त्यात तपकिरी काड्या. भुवई सलग, काळ्या केसांची. पापणीची कड अशी, की माझ्या आईने दोरा ताणला असता आणि काही न बोलता गुंडाळून ठेवला असता. काकूंना बसवून मी तो लावला. लोहचुंबकांनी तो आपसूक जागेवर ओढून घेतला. मी आरसा हातात दिला.

काकूंनी मान दोन्हीकडे वळवून पाहिलं आणि मग त्या हसल्या. मला म्हणाल्या, की जन्मापासून त्यांची ती पापणी पडलेलीच होती. वर्गातल्या मुली त्यांना ‘आधी खिड़की’, म्हणजे अर्धी खिडकी, म्हणायच्या. बघायला मंडळी येणार म्हटल्यावर आईने त्यांना अशा कोपऱ्यात बसवलं होतं की फक्त डावी बाजू दिसावी. प्रत्येक फोटोत मान वळवायची सवय लागली. आता अडुसष्टाव्या वर्षी दोन्ही खिडक्या सारख्या उघडल्या, म्हणाल्या. खुश होत्या. आणि मी तर दुसऱ्या दिवशीपर्यंत जमिनीवर नव्हते. इंजिनीअरने डोळा छान झाल्याचं कबूल केलं आणि दोन मिलिमीटरचा विषय काढला नाही.

चार दिवसांनी काकू पुन्हा आल्या. डोळ्यावर परत पट्टी आणि हातात आमचीच डबी.

“हा राहू दे. दुसरा कर.”

मी विचारलं काय झालं, टोचतो का, कड निघते का. त्यांनी मान हलवली. सांगितलं ते असं. डोळा लावून त्या घरी गेल्या, तेव्हा काका गॅलरीत बसले होते. काकूंना पाहून ते उठून उभे राहिले. आपली खुर्ची त्यांना दिली. म्हणाले, बैठिए, आप बहुत सुंदर लग रही हैं, मेरी मिसेस अब आती ही होंगी.

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. मग मी भांडायला लागले. हो, भांडले. आजारी माणसाला नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो, म्हटलं. महिनाभर थांबा. त्यांची स्मरणशक्ती हे काही माझ्या हातातलं काम नाही. आणि इतका सुरेख झालेला डोळा सोडून तुम्ही पुन्हा तो... इथे मी थांबले, पण उशीर झाला होता. काकूंनी वर्गातल्या वांड मुलीचं सगळं बोलून होऊ द्यावं तसं मला बोलू दिलं.

“तू चांगला केला, त्यात काही कमी नाही,” त्या म्हणाल्या. “मला पण खूप आवडला. पण ज्या बाईला हे बेचाळीस वर्षं पाहून राहिले ती ही नाही. मला तीच पाहिजे.”

डबी टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. मी त्या दिवशी कोणाशी धड बोलले नाही. आपलं चांगलं काम कोणी परत करावं, तेही वाईट काम मागून, हे मला पचेना. शेवटी इंजिनीअरने आपली खुर्ची माझ्याकडे ओढली आणि पडद्यावर एक फाइल उघडली. माझ्या नकळत तिने तेव्हाच दुसरा आकार करून ठेवला होता. फोटोप्रमाणे, पापणी दोन मिलिमीटर खाली. मी आणि पडद्यावरच्या काकू एकमेकींकडे बघत राहिलो. त्या काकूच होत्या, यात शंकाच नव्हती. ‘मी म्हटलं होतं’ असं ती म्हणाली नसती तर मला बरं वाटलं असतं, पण ती म्हणाली आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हणाली. मी ऐकून घेतलं.

हात आणि यंत्र यांच्याबद्दल मी पुष्कळ भाषणं दिली आहेत. यंत्र नुसती नक्कल करतं, हात समजून घेतो वगैरे. या वेळी उलटं झालं होतं. फोटोत जे होतं ते यंत्राने मुकाट्याने नोंदवलं आणि माझ्या हाताला मात्र पक्कं मत होतं. मुखवटे रंगवणाऱ्या घरातला हात तो. त्याने काकूंचा चेहरा तीन दिवस पाहुण्या येणाऱ्या महालक्ष्मीचा करून टाकला, आणि काकांनी पाहुणीला द्यावा तसा मान दिला. म्हणजे माझी चूकही घरंदाज होती, पण चूकच होती.

त्यानंतर मी काकूंच्या घरी गेले. सहसा मी रुग्णांकडे जात नाही. खासगी बाजारातल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि रस्त्यावरची अरुंद गॅलरी. काका वेताच्या खुर्चीत बसलेले, इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मला पाहून नमस्ते म्हणाले, पाणी विचारलं, उन्हाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि परत गल्लीकडे बघायला लागले. काकू त्यांच्या डाव्या हाताला एका बुटक्या स्टुलावर बसल्या. मी विचारलं, नेहमी इथेच बसता का? त्यांनाच जरा आश्चर्य वाटलं. हो, म्हणाल्या, स्वयंपाकघराचं दार या बाजूला, लग्नापासून हीच जागा. दोघंही रस्त्याकडे तोंड करून बसायचे, चहा इथेच, भाजी निवडणं इथेच, पेपर इथेच.

म्हणजे काकांना बेचाळीस वर्षं काकूंची उजवी बाजू दिसत आली होती. जगापासून लपवलेली बाजू त्यांच्या वाट्याला आली होती. माझ्या कामाच्या खोलीत मी काकूंना समोरून पाहिलं होतं, भिंतीवरच्या पांढऱ्या दिव्याखाली. हा माणूस त्यांना बाजूने बघत आला होता, गॅलरीतल्या उजेडात.

मी फोटो मागितले. सभासमारंभातले नकोत म्हटलं. काकू नाखुशीने आत गेल्या आणि कपाटाच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली ठेवलेलं एक पाकीट घेऊन आल्या. काकांना पूर्वी कॅमेऱ्याचा नाद होता. काकूंचं लक्ष नसताना ते फोटो काढायचे आणि त्यावरून बोलणी खायचे. शेंगा सोलताना, वह्या तपासताना, केस वाळवताना. सगळे उजव्या बाजूने. सगळ्यांत ती पापणी खाली, भुवईत खाच, आणि वय वाढेल तसे डोळ्याखालचे फुगवटे. काकू म्हणाल्या, किती वेळा फाडायला सांगितले, फाडले नाहीत यांनी. मी ते पंचवीसेक फोटो ओळीने चटईवर मांडले. इंजिनीअरला देण्याआधी मला ते माझ्यासाठी पाहायचे होते.

दुसरा डोळा करणं जास्त अवघड गेलं. साचा प्रिंटरने बिनतक्रार छापला. तक्रार माझ्या बोटांची होती. पापणी खाली घेतली की दुसऱ्या क्षणी मी नकळत तिला वर उचललेली असायची. भुवईतली खाच भरून यायची. दर वेळी इंजिनीअर मागून येऊन फोटो समोर धरायची. पांढऱ्या भागाला मी पिवळट छटा दिली. बुबुळाच्या कडेला उतारवयात राखाडी वलय येतं, ते पहिल्या खेपेला मी गाळलं होतं, या वेळी घातलं. काकूंनी आपल्या फणीत आलेले केस जपून आणले होते, त्यातले करडे आणि काळे मिसळून भुवई रोवली. रंग जुळवायला मी दोनदा त्यांच्या गॅलरीत जाऊन बसले. काकांनी दोन्ही वेळा मला नव्याने नमस्ते केलं.

डॉक्टरांनी काकूंना आधीच बजावलं होतं, की फार आशा धरू नका. ओळखलं तरी रोज ओळखतील असं नाही आणि नाही ओळखलं तर तो डोळ्याचा दोष नसेल. काकूंनी हे मला येऊन सांगितलं, बहुधा माझीच समजूत घालायला. पावसाळा तोंडावर आला होता. संस्थेतून मुलीला दोनदा फोन येऊन गेला होता.

डोळा लावला त्या दिवशी काकूंनी आरशात एकदाच पाहिलं. “आली परत,” म्हणाल्या आणि आपला जुना चष्मा चढवला. आवाजात थोडी कुरकुर होती. सुंदर डोळ्याची डबी मी त्यांना देऊ केली, कधी लावावासा वाटला तर. त्यांनी ती पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, तू चल माझ्यासोबत, तुझं काम तू स्वतः पाहा. मला टाळता आलं असतं. आमच्याकडे त्या दिवशी दुसरे दोन रुग्ण यायचे होते. मी गेले.

जेवणाची वेळ झाली होती. काका गॅलरीत होते. मला नमस्ते झालं. काकू मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि वरण-भात, भाजी वाढून ताट घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत, आवाज बदललेला होता म्हणून. ताट काकांच्या समोरच्या टेबलावर ठेवलं आणि आपल्या जागेवर, स्टुलावर बसल्या, रस्त्याकडे तोंड करून. मी दाराच्या चौकटीपाशी उभी होते. मी घाबरत नाही असं मी लोकांना सांगत असते. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर सांगितलं नसतं.

काकांनी ताटाकडे पाहिलं. मग डावीकडे मान वळवून काकूंकडे पाहिलं. खाली एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली, कोणी तरी कोणाला हाक मारली. काकू मान न वळवता बसून होत्या.

“किती वेळ लावला गं,” काका म्हणाले. मराठीत. “भूक लागून राहिली मला.”

काकूंनी ताट पुढे सरकवलं. काकांनी भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला, भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. मी भिंतीला पाठ टेकली. इतक्या दिवसांत माझ्यासमोर न रडलेल्या काकू तेव्हा रडायला लागल्या, आवाज न करता. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर, तिथून हनुवटीवर. उजवा कोरडाच होता. त्यातून पाणी येण्याची सोय माझ्याकडे नाही.

काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घास ताटात ठेवला, हात रुमालाला पुसला आणि काकूंचा चष्मा हलकेच काढून मांडीवर ठेवला. रुमालाचं स्वच्छ टोक शोधून त्यांनी आधी डावा डोळा पुसला. मग जरा पुढे वाकून, तितक्याच जपून, उजवा पुसला.